पोटॅशियम कमी करणारी पावडर : घेताना काय सांभाळावे?



किडनीचा आजार, जुनी शुगर किंवा बीपी असलेल्या माणसाच्या घरात कधी कधी एक वेगळेच औषध येते. ती गोळी नसते, सिरपही नसते. फिकट पिवळसर किंवा तपकिरी रंगाच्या, वाळूसारख्या कचकचीत पावडरीची पुडी असते. डॉक्टर सांगतात, "पोटॅशियम वाढलंय, ही पाण्यात कालवून घ्या." घाईगर्दीच्या ओपीडीत यापेक्षा जास्त बोलणे होत नाही. घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात. किती पाण्यात कालवायची? बीपीच्या गोळीसोबत चालेल का? शौचास होत नाही, तरी घ्यायची का? बरे वाटते, मग बंद करायची का?

हे औषध नीट घेतले तर जीव सांभाळते. चुकीचे घेतले तर आतड्याला इजा करू शकते, किंवा दुसऱ्या औषधांचा गुण घालवते. म्हणून या वेळी हे पान त्याच पुडीसाठी आहे. घरात असा रुग्ण असेल तर हे सर्वांना वाचून दाखवावे.

पोटॅशियम वाढते म्हणजे काय?

पोटॅशियम हा एक क्षार आहे. स्नायू हलायला आणि हृदय ठोक्यात चालायला तो लागतोच. जेवणातून येणारे जास्तीचे पोटॅशियम मुख्यतः किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की ते रक्तात साचते.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘सीरम पोटॅशियम’ असा शब्द शोधा. साधारण ३.५ ते ५ हा आकडा ठीक मानतात. लॅबप्रमाणे वरची मर्यादा थोडी पुढेमागे असते. आकडा ६ च्या वर गेला की धोका गंभीर होतो, आणि ६.५ च्या वर गेला तर ती तातडीची वेळ असते.

यातली फसवी गोष्ट अशी की बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. ताप नाही, दुखणे नाही. कुणाला पाय जड वाटतात, अंगात त्राण राहत नाही, छातीत धडधडते किंवा नाडी मंद पडते. कुणाला यातले एकही लक्षण नसते आणि थेट हृदयाचा ठोका बिघडतो. त्यामुळे "मला तर बरं वाटतंय" हे पावडर बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. पोटॅशियम किती आहे हे अंगाला कळत नाही, ते रक्ताच्या तपासणीतच कळते.

कधी कधी आकडा खोटाही वाढलेला येतो. रक्त घेताना त्रास झाला किंवा नमुना लॅबमध्ये उशिरा पोचला, तर रक्तपेशी फुटून त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर पडते. म्हणून डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात. पुन्हा पैसे जातात म्हणून ती टाळू नये.

केळीच्या मुलखात ही गोष्ट जास्त महत्त्वाची

रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या वस्त्यांतल्या अनेकांची मजुरी केळीच्या बागेत आहे. कापणी, घड वाहणे, गाडी भरणे ही कामे आपली माणसे करतात. भूक लागली की हाताशी केळीच असते. घरी येतानाही दोन फण्या सोबत येतात.

धडधाकट माणसाला केळी चांगलीच. उगाच भीतीने लेकरांच्या हातातले केळे काढून घेऊ नका. पण ज्याचे पोटॅशियम वाढलेले आहे, त्याच्यासाठी हिशोब वेगळा आहे. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. मोठ्या केळ्यात त्याहून जास्त. दिवसाला तीन-चार केळी सहज खाणाऱ्याच्या अंगात किती साचत असेल, याचा विचार करा. "पुडी चालू आहे, आता काहीही खाल्लं तरी चालतं" असे समजणे म्हणजे फुटलेल्या नळाखाली बादली ठेवून नळ तसाच सोडणे.

आणखी एक गोष्ट. मुतखड्यावर केळीच्या खोडाचा रस पिण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या रसातही पोटॅशियम भरपूर असते. किडनी अधू असलेल्या माणसाने तो पिऊ नये.

ही पावडर काम कशी करते?

आपल्याकडे जास्त करून कॅल्शियम पॉलिस्टायरिन सल्फोनेट किंवा सोडियम पॉलिस्टायरिन सल्फोनेट या नावाची पावडर मिळते. यातले सोडियमवाले औषध अमेरिकेत १९५८ पासून वापरात आहे. अलीकडे पॅटिरोमर आणि सोडियम झिरकोनियम सायक्लोसिलिकेट ही नवी औषधेही आली आहेत. त्यांची रीत थोडी वेगळी आहे, म्हणून पुडीवरचे मूळ औषधाचे नाव आधी वाचून घ्या.

ही पावडर रक्तात शिरत नाही. ती आतड्यात राहते. स्वतःजवळचे कॅल्शियम किंवा सोडियम सोडते, त्या बदल्यात पोटॅशियम धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर पडते. यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक, शौचास साफ झाले नाही तर औषध आत अडकून बसते. दोन, हे सगळे व्हायला काही तास, कधी दिवसभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून तातडीच्या वेळी या पुडीवर विसंबून राहता येत नाही.

पुडी घेण्याची रीत

१. दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. चिठ्ठीवर ते स्पष्ट लिहून मागा. शेजारच्या काकांना दोन पुड्या आहेत म्हणून आपणही दोन घेऊ नये.

२. कोरडी पावडर तोंडात टाकू नये. ठसका लागून ती श्वासनळीत गेली तर फुप्फुसाला इजा होते.

३. सहसा १५ ग्रॅमची पुडी ४५ ते ६० मिली साध्या पाण्यात, म्हणजे मोठ्या तीन-चार चमच्यांत कालवतात. डॉक्टरांनी किंवा पाकिटावर वेगळे माप दिले असेल तर तेच धरा. डायलिसिसच्या रुग्णाने हे पाणी आपल्या दिवसाच्या पाण्याच्या हिशोबात मोजावे.

४. फळांचा रस किंवा नारळपाणी यांत कालवू नये. ज्याला बाहेर काढायचे, तेच पुन्हा आत घालण्यासारखे होईल. गरम पाणी किंवा गरम चहाही नको, उष्णतेने पावडर बिघडते.

५. दर वेळी ताजी कालवावी. सकाळीच दिवसभराची भिजवून ठेवू नये. पावडर तळाशी बसते, म्हणून ढवळत ढवळत प्यावी आणि भांडे थोड्या पाण्याने विसळून तेही प्यावे.

६. ताठ बसून प्यावी. झोपलेल्या, गुंगीत असलेल्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णाला घरच्यांनी जबरदस्तीने पाजू नये. असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना सांगावे.

७. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

बाकीच्या गोळ्यांपासून ३ तास लांब

ही पावडर फक्त पोटॅशियमच धरते असे नाही. सोबत घेतलेली दुसरी औषधेही ती आतड्यात धरून ठेवू शकते. मग थायरॉइडची, बीपीची किंवा हृदयाची गोळी घेऊनही अंगी लागत नाही. म्हणून तोंडाने घ्यायची इतर औषधे पावडरीच्या निदान ३ तास आधी किंवा ३ तास नंतर घ्यावीत, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिली. जुन्या शुगरमुळे ज्यांचे पोट हळू रिकामे होते, त्यांनी हे अंतर ६ तासांचे ठेवायचे आहे.

उदाहरणादाखल एक वेळापत्रक पाहा. सकाळी ८ वाजता बाकीच्या गोळ्या. दुपारी १२ वाजता पुडी. दुसरी पुडी असेल तर ४ वाजता. रात्री ८ वाजता रात्रीच्या गोळ्या. कुणाला दुपारच्या जेवणासोबतही गोळ्या असतात. त्यांनी आपली सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि वेळा लिहून घ्याव्यात. इन्सुलिनचे इंजेक्शन पोटातून जात नाही, त्यामुळे त्याला हे अंतर लागू नाही.

पोट साफ होते ना?

या औषधात सर्वांत जास्त लक्ष इथे द्यायचे आहे. पावडरीने बद्धकोष्ठ होऊ शकतो. किडनीच्या रुग्णाला पाणी मोजून असते, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही असतात, त्यामुळे शौचास आधीच कडक होते. त्यात पावडर साचत गेली तर आतड्याला अडथळा येऊ शकतो. क्वचित आतड्याचा भाग सडण्यापर्यंतही वेळ जाते.

म्हणून दोन दिवस शौचास झाले नाही तर पुढची पुडी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल, आतड्याचा जुना त्रास असेल, तर तो आधीच सांगा. पोट फुगले, जोरात दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या किंवा शौचातून रक्त पडले, तर पुडी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

जुलाबाचे औषध मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नये. सॉर्बिटॉल असलेले औषध या पावडरीसोबत धोक्याचे आहे, आतड्याला इजा झाल्याच्या अनेक नोंदी त्या जोडीच्या आहेत. मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेली ॲसिडिटीची आणि पोट साफ होण्याची पांढरी पातळ औषधेही टाळावीत. कोणते चालेल, ते डॉक्टर लिहून देतील.

सोडियमवाल्या पावडरीने अंगात मीठ वाढते. पायावर सूज, धाप लागणे किंवा बीपी वाढणे दिसले तर कळवा. कॅल्शियमवाल्या पावडरीत रक्तातले कॅल्शियम वाढू शकते. आणि पुड्या गरजेपेक्षा जास्त झाल्या तर पोटॅशियम फार खाली जाते. तेही वाईटच. त्यातही अशक्तपणा, पायात गोळे आणि हृदयाचे ठोके बिघडणे होते. हृदयासाठी डिगॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांना हा धोका जास्त. म्हणून सांगितलेल्या तारखेला रक्त तपासून घेणे हा या औषधाचाच एक भाग समजावा.

घरातल्या डब्यात दडलेले पोटॅशियम

एका बाजूने पुडी घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने पोटॅशियम वाढवणारे औषध घ्यायचे, असे बऱ्याचदा नकळत होते. पुढच्या गोष्टी घरात आहेत का पाहा.

— अंगदुखीच्या गोळ्या. दिवसभर घड वाहून कंबर मोडते आणि माणूस मेडिकलवरून डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेनची गोळी घेतो. या गोळ्यांनी अधू किडनी आणखी दबते आणि पोटॅशियम वाढते. दुखणे खरे आहे, त्यावर उपायही हवा. पण तो किडनीचा आजार सांगून डॉक्टरांकडूनच घ्यावा.

— मुतखड्याचे किंवा लघवीच्या जळजळीचे सिरप. त्यातल्या बऱ्याच सिरपमध्ये पोटॅशियम सायट्रेट असते. मुतखड्याच्या चूर्णातला यवक्षार हाही पोटॅशियमचाच क्षार.

— ‘लो सोडियम’ मीठ. बीपीवाल्यांसाठी चांगले म्हणून ते आणले जाते. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेले असते.

— पोटॅशियम क्लोराइडचे सिरप. ते पोटॅशियम कमी झालेल्यांना देतात. नावात पोटॅशियम आहे म्हणून पुडीऐवजी तेच आणले गेले तर उलटा परिणाम होईल. मेडिकलवर नुसते "पोटॅशियमचं औषध द्या" म्हणू नका, चिठ्ठी दाखवा.

— बीपीच्या काही गोळ्या. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांनी पोटॅशियम वाढू शकते. पण त्या आपल्या मनाने बंद करू नका. त्यातल्या अनेक गोळ्या किडनीला आणि हृदयाला जपतात. त्या चालू ठेवता याव्यात म्हणूनच कित्येकदा डॉक्टर पुडी देतात.

ताटात काय बदलावे?

केळी, नारळपाणी, खजूर, पेरू, गूळ-शेंगदाणे, बटाटा, टोमॅटो, पालक आणि डाळींचे मोठे वाढप यांत पोटॅशियम जास्त. सफरचंद, अननस, दुधी यांत तुलनेने कमी. तरी कमी असलेलेही भरमसाट खाल्ले तर जास्तच होते.

भाजी सोलून, बारीक चिरून, भरपूर कोमट पाण्यात दोन तास भिजवावी. ते पाणी फेकून नव्या पाण्यात उकडावी आणि तेही पाणी फेकावे. पोटॅशियम पाण्यात उतरते, म्हणून असे केल्याने ते कमी होते. एरवी आपण भाजीचे पाणी फेकू नका म्हणतो. या रुग्णासाठी ते उलटे आहे.

आपले भरीत मात्र वांगे भाजून होते. भाजल्याने पोटॅशियम पाण्यात जात नाही, आतच राहते. म्हणून भरीत सणावाराला, दोन घासांपुरते. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो. रोज खायची असेल तर किती, हे आहारतज्ज्ञांना विचारावे. साधी ज्वारीची भाकरी आणि पाणी काढलेली भाजी रोजची ठेवावी. बागेत कामाला जाताना केळ्याऐवजी मुरमुरे किंवा भाकरी बांधून द्यावी. उपाशी मात्र ठेवू नये. उपासमारीने रुग्ण खचतो.

उन्हाळ्यात जास्त जपावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. घाम, जुलाब, उलट्या यांनी अंगातले पाणी कमी झाले की किडनी आणखी मंदावते. ओआरएसमध्येही पोटॅशियम असते. म्हणून अशा रुग्णाला जुलाब-उलट्या लागल्या तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. तिथे किती पाणी द्यायचे आणि बीपीच्या कोणत्या गोळ्या काही दिवस थांबवायच्या, हे विचारावे.

केव्हा पुडी बाजूला ठेवून धावावे?

अचानक हातापायातले बळ गेले, छातीत धडधड किंवा दुखणे, चक्कर येऊन पडणे, नाडी फार मंद किंवा अनियमित, श्वासाला त्रास, किंवा रिपोर्टमध्ये आकडा ६ च्या वर : यातले काही झाले तर एक पुडी जास्त घेऊन घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. रुग्णालयात ईसीजी काढतात, हृदयाला आधार देणारे कॅल्शियमचे इंजेक्शन देतात, ग्लुकोजसोबत इन्सुलिन देतात, लागले तर डायलिसिस करतात. हे घरी होत नाही. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे. जवळ जे असेल ते आधी गाठावे.

डायलिसिस चालू असलेल्यांनी गाडीभाडे नाही म्हणून पाळी चुकवू नये. पुडी ही डायलिसिसची जागा घेत नाही. डायलिसिसच्या दिवशी पुडी घ्यायची की नाही, तेही विचारून घ्यावे.

पैशाची अडचण सांगा

पुड्यांचा खर्च परवडत नाही म्हणून एक पुडी दोघांत वाटणे किंवा दिवसाआड घेणे घडते. लाजेने ते डॉक्टरांना सांगितले जात नाही. मग रिपोर्टमधला आकडा वाढलेला पाहून डॉक्टर आणखी औषध वाढवतात. त्यापेक्षा सरळ सांगावे, "इतकेच घेता आले." सरकारी रुग्णालयाच्या औषध विभागात आणि जनऔषधी दुकानात मूळ औषधाचे नाव सांगून विचारावे. डायलिसिस महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होता. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटावे.

तथागतांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हाताने केली, हे आपल्याला ठाऊक आहे. विनयातल्या त्याच भागात चांगला रुग्ण कोण हेही सांगितले आहे. जो पथ्याचे माप राखतो, औषध घेतो आणि आपले दुखणे सेवा करणाऱ्याला खरे सांगतो, तो. या पुडीच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते.

विहारातल्या महिला मंडळाने आणि तरुणांनी एवढे करावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या पुडीच्या डब्यावर घड्याळाचे चित्र काढून वेळ लिहून द्यावी. १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा ऐन उन्हात येतात. तेव्हा केळी वाटताना किडनीच्या रुग्णासाठी दुसरे काही ठेवावे. त्याने केळे नाकारले तर आग्रह करू नये.

कापून भिंतीवर लावा

• पुडी साध्या पाण्यात, ताजी, ताठ बसून.
• बाकीच्या गोळ्यांपासून ३ तास लांब.
• दोन दिवस शौचास नाही : आधी डॉक्टर, मग पुडी.
• पोटात जोरात दुखणे, शौचातून रक्त : पुडी बंद, रुग्णालय.
• अंगदुखीची गोळी, मुतखड्याचे सिरप, लो सोडियम मीठ : विचारल्याशिवाय नाही.
• बरे वाटले तरी पुडी मनाने बंद नाही. रक्ताची तारीख चुकवायची नाही.
• छातीत धडधड, बळ जाणे, चक्कर : १०८.

आपली औषधाची पिशवी आणि शेवटचा रिपोर्ट एकाच जागी ठेवा आणि घरातल्या दोघांना तरी ती जागा माहीत असू द्या. जय भीम.